दांड्यावरचा भंडारा

झुंबरराव मारकडांचा फोन आला की मी तो कानापासून वीतभर लांब धरतो. फोनवरसुद्धा ते पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलतात. तीस वर्षं लाँच चालवली, पाण्यावर ओरडूनच बोलावं लागायचं, ती सवय.

"सरकार! लाँच काढायची म्हनत्यात! येताय न्हवं?"

मला सरकार म्हणणारे आता तेवढेच उरलेत. आमच्या नाटक मंडळीत मी राजाची कामं करायचो. जत्रांचा हंगाम सुरू झाला की भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या गावांना जायला झुंबररावांची लाँच हीच वाट. पेट्या, पेटी-तबला, रंगाचे डबे, मुकुट, सगळं लाँचवर चढायचं. पहिल्याच खेपेला त्यांनी माझी मुकुटाची पेटी एका शेळीच्या पाठीशी ठेवली आणि मी कुरकुरलो. तर सगळ्या लाँचला ऐकू जाईल असं म्हणाले, "सरकार, तुमचं राज्य पल्याडच्या काठाला. हितं शेळीचं तिकीट आधी काढलंय." बसलेली माणसं इतकी हसली, की मला हसू आवरेना. त्या दिवसापासून मी सरकार आणि ते झुंबरराव.

धनगराचं पोर. बापाची मेंढरं होती, पावसाळा सरला की कोकणाच्या बाजूला जायची. झुंबररावांनी मेंढरं सोडून बापूसाहेबांचा उसाचा ट्रॅक्टर धरला. बापूसाहेब इकडचे मोठे बागायतदार, हौशी माणूस. त्यांनी एकदा कोकणातून जुनी लाँच आणली, ट्रेलरवर घालून. लाँचचं स्टेअरिंग तेलावर चालणारं होतं, पॉवर स्टेअरिंग. इंजिनावर पंप, पंपातून तेलाचे पाइप मागं गेलेले, मागं एक जॅक, आणि जॅकमधून चकचकीत दांडा आतबाहेर होऊन सुकाणू वळवायचा. ट्रॅक्टर वळवताना खांद्याचे सांधे ढिले होणाऱ्या त्या काळात हे चाक एका बोटानं फिरायचं. बापूसाहेबांनी चार ड्रायव्हर बसवून पाहिले. सगळे पाण्याला भ्यायले किंवा चाकाला. झुंबरराव बसले आणि उठलेच नाहीत.

"मेंढरं हाकायची सोडून पानी हाकतुया," असं काठावरचे लोक चिडवायचे. झुंबरराव म्हणायचे, "मेंढरू चुकतंय, पानी कुठं जातंय?"

त्या लाँचवर झुंबरराव चाक एका बोटावर ठेवून मागं तोंड करून बोलत असायचे. अलीकडच्या गावात कुणाची मुलगी लग्नाची आहे, पलीकडं कुणाचा मुलगा नोकरीला लागला, कुठल्या गावात द्राक्षाला रोग पडला, कुणाची म्हैस व्याली. निदान डझनभर सोयरिकी त्या लाँचवर जुळल्या असतील. त्यांची बायको म्हाळसाबाई काठावर चहाची टपरी चालवायची. ती दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर बोलली. "तिच्या वाटनीचं मीच बोलतो," असं झुंबरराव सांगायचे आणि ती पदराआड हसायची.

मग पुलाकडचे रस्ते चांगले झाले, घरोघर मोटारसायकली आल्या. करोनाच्या वर्षी लाँच बंद झाली ती पुन्हा सुरूच झाली नाही. बापूसाहेब गेले. ट्रॅक्टरनं ओढून लाँच काठावरच्या रिकाम्या कांदाचाळीत नेऊन ठेवली. चाळीला लागूनच झुंबररावांच्या दोन खोल्या. तिसऱ्या वर्षी, दसरा झाल्यावर, म्हाळसाबाई तापानं गेल्या.

त्यानंतर मी एकदोनदा त्यांच्याकडे जाऊन आलो. मुलगा विशाल चाकणला कंपनीत, रविवारी फोन करतो. झुंबररावांनी मला चहा करून दिला आणि गप्प बसले. मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते कळलं असावं. म्हणाले, "बाजारच्या दिवशी निमगावला जातो. इस्टी स्टँडावर बसतो. कोन बाजूला बसलं की इचारतो, कुठं निघाला पाव्हनं? तर त्येच्या कानात त्या वायरी. ऐकायला कुठं येतंय त्येला?"

म्हणून लाँच निघणार म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी बारामतीहून इंदापूरची गाडी धरली, फाट्यावर उतरलो, तिथून वडापच्या जीपनं काठापर्यंत. सूनबाई म्हणाली, थंडी आहे, कशाला जाता? तिला काय सांगणार?

चाळीत बापूसाहेबांची नातसून वृषाली उभी होती. हुशार मुलगी. रोहित पक्षी बघायला शहरातून माणसं येतात, त्यांच्यासाठी तिनं शेतात चार खोल्या बांधल्यात. येत्या रविवारी पहिला मोठा गट यायचा होता. तिनं माझ्यासमोरच झुंबररावांना सांगितलं, "तात्या, मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. इंजिन चालतंय ते मी बघितलं. स्टेअरिंग चाललं तर लाँच पाण्यात जाईल आणि ती तुम्हीच चालवाल. नाही चाललं तर मी माणसांचे जीव धोक्यात घालणार नाही. भंगारवाल्याला शनिवारी बोलावलंय. मग फायबरची छोटी बोट आणू. ती चालवायला लायसनवाला मुलगा तिकडूनच येतो."

"व्हय," झुंबरराव म्हणाले. मग थोड्या वेळानं, "रविवारी किती मान्सं यायची?"

"वीसेक."

"वीस," ते माझ्याकडं वळून म्हणाले. "वीस मान्सं, सरकार."

वृषाली गेली. झुंबररावांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या. बराच काळ उभं राहिलेलं स्टेअरिंग कसं तपासायचं हे त्यांनी कोकणातल्या जुन्या मालकाकडून शिकून घेतलं होतं, आणि ते मला सगळं मोठ्यानं सांगत सांगत करायला लागले. पहिल्यांदा तेलाची टाकी. झाकण उघडून बोट बुडवलं, बोटाला बोट घासलं, वास घेतला. "पानी शिरलं असतं तर ताकावानी पांढरं झालं असतं. काळं हाय, पर तेलच हाय." जुनं तेल काढून नवं भरलं. मग पाइप. प्रत्येक पाइप वाकवून बघितला. दोन ठिकाणी रबराला भेगा दिसल्या, तेवढे पाइप पुढं बदलायचे म्हणून हेरून ठेवले. पंपाचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. इंजिन बंद ठेवून चाक हातानं वीतभर इकडं, वीतभर तिकडं. जड जातं तेव्हा ते, पण अडकता कामा नये. अडकलं नाही.

"आता मागनं बघा तुमी. सुकाणू कसं वळतंय ते सांगा," म्हणाले आणि इंजिन लावलं.

इंजिन धडधडलं तशी चाळीच्या आढ्यावरची कबुतरं उडाली. झुंबररावांनी चाक डावीकडं घेतलं. सुकाणू आधीच त्या अंगाला होतं, ते झकास टोकाला जाऊन टेकलं. मी ओरडलो, "वळलं!" त्यांनी उजवीकडं घेतलं. सुकाणू निम्म्यात आलं, थरथरलं आणि थांबलं. चाक मात्र फिरतच होतं. आणि जॅकच्या तोंडातून तेलाची धार माझ्या पायताणावर.

"बंद करा! तेल सुटलं!"

ते मागं आले. वाकून बघितलं आणि तसेच वाकून राहिले.

दांडा पिवळा होता. जॅकमधून बाहेर असतो तो चकचकीत दांडा, त्याच्या टोकापासून जॅकच्या तोंडापर्यंत भंडाऱ्याचा थर, वंगणात कालवलेला, वाळून कडक झालेला. दांडा आत शिरायला लागला तेव्हा त्या खपलीनं जॅकच्या तोंडातलं रबरी सील फाडलं होतं.

"हे काय, झुंबरराव?"

"खंडेनवमीचं," ते म्हणाले.

मग हळूहळू कळलं. लाँच पाण्यात होती तेव्हा खंडेनवमीला म्हाळसाबाई तिची पूजा करायच्या, लाँचचं तोंड जेजुरीकडं करून. चाळीत लाँच ठेवली ती अशी, की तोंड आलं उगवतीला. दहा माणसं लावली तरी ती वळणार नव्हती. म्हाळसाबाई ऐकेनात. देवाकडं पाठ करून पूजा कशी करायची? झुंबररावांनी तोड काढली, लाँच नाही तर नाही, सुकाणू तरी जेजुरीकडं वळवू. चाक पार एका अंगाला फिरवलं. दांडा सगळाच्या सगळा बाहेर आला. म्हाळसाबाईंनी तो बघितला, झळझळीत, हाताएवढा जाड. म्हणाल्या, हा लाँचचा हात. आणि त्या हातालाच त्यांनी भंडारा चोळला. तीन नवम्या.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं? दांडा बाहेर ठेवू नये म्हणून?"

"ठावं न्हाय कसं? दांडा आतमधी ठेवायचा, बाहेर राहिला तर गंज धरतोय, मीच साऱ्यास्नी सांगत आलोय." ते पुसायच्या फडक्याशी चाळा करत होते. "पहिल्या साली तिला म्हनलं, पूजा झाली, आता चाक सरळ करतो. तर म्हनली, करा. वरिसभर देवाकडं पाठ करून ठिवा. लाँच पुन्हा पान्यात जायाची का न्हाय ते मग देवाला इचारू नका. एवढं बोलली. ती एवढं कधी बोलायची का, सांगा बरं? म्हनलं ऱ्हाऊ दे."

"आणि त्यांच्यानंतर?"

"त्यानंतर म्या काय भंडारा लावला न्हाय. अन् काढलाबी न्हाय."

संध्याकाळी निमगाव केतकीचा दत्तोबा आला. ट्रॅक्टरचे जॅक दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा या पट्ट्यात नाही, आणि चेष्टेतही. बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "तात्या, दांड्याला हळद लावली ती लावली, मांडव तरी घालायचा." कुणीच हसलं नाही तसा ओशाळला. "घासलेट आना. पॉलिश पेपर आना. आधी हे समदं काढू, मग दांड्याची हालत कळंल."

घासलेटाचा बोळा त्यानं दांड्याला लावायला आणि झुंबररावांनी त्याचं मनगट धरायला एकच गाठ पडली.

"हात लावू नगंस."

"अवं तात्या, न काढता कसं हुईल?"

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना. जाऊ दे ती भंगारात."

दत्तोबा माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला खुणेनं सांगितलं, तंबाखू मळ जा बाहेर. तो गेला. आम्ही दोघं लाँचच्या मागच्या फळीवर बसलो. झुंबरराव दांड्याकडं बघत होते. बाहेर पाण्यावरून गार वारं येत होतं. मला वाटलं, समजूत घालावी, चार मोठी वाक्यं बोलावीत. ती मला येतात, जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली बोललो. पण राजाच्या भाषणानं कुणाची बायको परत आलेली मी एकाही नाटकात पाहिली नाही.

मी म्हणालो, "झुंबरराव, घरात खोबरेल तेल आहे?"

"डोक्याला लावायचं? हाय. कशापायी?"

"आमच्या तोंडाचा रंग आम्ही घासलेटनं काढत नव्हतो. खोबरेल लावायचं, थोडं थांबायचं. रंग आपणहून सुटतो. मग मऊ कापडानं टिपून घ्यायचा. कातडी दुखत नाही आणि रंग मातीत पडत नाही, कापडावर येतो."

 ते उठले, घरात गेले, थंडीनं गोठलेली खोबरेल तेलाची बाटली दोन्ही तळव्यांत चोळत बाहेर आले. काखेत एक जुनं मऊ लुगडं होतं, हिरवं, विटलेलं. कुणाचं ते मी विचारलं नाही.

दांड्याला तेल त्यांनीच लावलं, बोटांनी, वरून खाली. थांबायला सांगितलं तेवढं थांबले. मग लुगड्याच्या पदरानं टिपायला लागले. पिवळं यायला लागलं. त्याखाली गंजाचं तांबडं, आणि वंगणाचं काळं. आमच्याकडं देवावरचा उतरलेला भंडारा कपाळाला लावतात. झुंबररावांनी सवयीनं बोट कपाळाला टेकवलं. काळा ठिपका उमटला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

"कसा दिसतोय?"

"नजर लागू नये म्हणून बाळाला लावतात तसा."

"आता कुनाची नजर लागायची हाय?" म्हणाले, आणि तसंच पुढचं टिपायला लागले.

सगळं निघाल्यावर दत्तोबाला आत बोलावलं. त्यानं दांड्यावरून नख फिरवलं. नख जागोजाग अडकत होतं. भंडारा ओल धरून राहिला होता आणि त्याखाली दांडा देवीच्या वणांसारखा खाचखळग्यांचा झाला होता. "नवं सील बसवलं तरी हा दांडा दोन दिवसात फाडील," दत्तोबा म्हणाला. "दांडाच बदलाया पायजे. ऊस भरायच्या लोडरचा जुना जॅक हाय माझ्याकडं. जाडी तीच वाटतीया. त्येच्यातला कापून आटे पाडून देतो. पर हे पान्यातलं काम हाय. म्या पान्यातलं कवा केलं न्हाय. चाललं तर चाललं."

शुक्रवारी दत्तोबा दांडा घेऊन आला. नवं सील, नवे पाइप, नवा दांडा. जॅक बसवून, चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून तेलात अडकलेली हवा काढायची असते. हवा राहिली तर चाक फिरतं आणि सुकाणू झोपलेलं राहतं. टाकीत फेस येत होता. झुंबरराव फिरवत राहिले. फेस कमी झाला, बुडबुडे आले, तेही थांबले. तेल निवळ झालं. डावीकडं वळलं. उजवीकडं घेताना मी श्वास धरून बघत होतो. सुकाणू सरसर आलं आणि पार टोकाला जाऊन टेकलं. सीलपाशी मी कोरडं बोट फिरवलं. बोट कोरडंच.

"वळलं, झुंबरराव!"

 इंजिन बंद करून ते दत्तोबाला म्हणाले, "लेका, लग्न लागलं बघ."

ट्रॅक्टरनं लाँच पाण्यात सोडली. वृषाली स्वतः बसली, समोरच्या बेटापर्यंत जाऊन आली. चाक तिनं स्वतः धरून बघितलं, पुन्हा झुंबररावांकडं दिलं. उतरताना म्हणाली, "भंगारवाल्याला नको म्हणून सांगते." झुंबरराव तिला काठावर हात देऊन उतरवत होते. तो हात त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

मी रविवारपर्यंत राहिलो. मला ते बघायचं होतं.

रविवारी दिवस उगवायच्या सुमाराला माणसं आली. पुण्याची, मुंबईची, एक जोडपं तर बेंगळूरचं. मातकट, हिरवट कपडे, गळ्यात दुर्बिणी, हातभर लांबीचे कॅमेरे. झुंबररावांनी दाढी केली होती, फेटा बांधला होता. एकेकाला हात देऊन आत घेताना त्यांचं सुरू झालं, "या, या, पाव्हनं. कुठनं आला? पुन्याला कुठं? आमचा इशाल चाकनला हाय. जपून, बाई, फळी ओली हाय. ह्या लाँचवर एकदा, सांगतो तुमाला, नवरी चढली पर नवरा काठावरच..."

लोक हसले, गोडच हसले. वृषाली त्यांच्या कानाशी गेली. "तात्या, आता जरा शांत राहावं लागेल. पक्षी उडतात. इंजिनसुद्धा पुढं बंद करायचं आहे. फोटो काढायचे असतात त्यांना."

"व्हय, व्हय," झुंबरराव म्हणाले. नवरीची गोष्ट तिथंच राहिली.

लाँच निघाली. चाक एका बोटावर, अगदी पूर्वीसारखं. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा मोठा थवा उभा होता. बराच अलीकडं वृषालीनं हात वर केला आणि झुंबररावांनी इंजिन बंद केलं. लाँच आपल्या वेगानं सरकत राहिली, मग थांबली. वीस माणसं, आणि कॅमेऱ्यांच्या बारीक कटकटीशिवाय आवाज नाही. कुणी शेजारच्याशी बोलत नव्हतं. बोटानं दाखवायचं, मान हलवायची. झुंबरराव सवयीनं मागं तोंड करून बसले होते. त्यांच्याकडं सगळ्यांच्या पाठी होत्या. मी मधल्या फळीवर होतो, मी तेवढा त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी मला भुवया उडवून दाखवल्या, आणि मग तेही लोक बघतात तिकडं बघायला लागले.

फेरी झाली. माणसं खूश होती, थँक्यू म्हणत उतरली. एक म्हातारेसे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "फार सफाईनं चालवता तुम्ही. धक्का म्हणून जाणवला नाही." झुंबरराव म्हणाले, "पॉवर स्टेअरिंग हाय, साहेब. कोकणातनं आलंय. त्याचं असं झालं..." पण गृहस्थांना कुणीतरी नाश्त्याला हाक मारली, आणि गाड्या निघून गेल्या.

मलाही वडाप गाठायचं होतं. झुंबररावांनी माझी पिशवी उचलून काठावर आणून ठेवली.

"आता दर रविवारी हाय म्हनं. कवा कवा शनिवारी बी," ते म्हणाले. "फेब्रुवारीपतूर पाखरं असत्यात."

"मग झालं ना मनासारखं?"

"झालं की. लाँच पान्यात हाय, अजून काय पायजे?" त्यांनी पाण्याकडं बघितलं. "मान्सं चांगली हायत. फकस्त बोलत न्हाईत."

"मी येईन पुढच्या रविवारी."

"नगा हो, सरकार. थंडी सोसत न्हाय तुमाला. अन् आलासा तरी तितं बोलू कुठं देत्यात?"

 त्यांनी माझ्या मफलरची गाठ नीट केली, एखाद्या लहान मुलाची करावी तशी, आणि मी निघालो.

फाट्याकडं जाणारी वाट उसातून चढून जाते. चढावर पोहोचलो तेव्हा मागून इंजिनाचा आवाज आला. वळून बघितलं. पाखरं बसतात त्याच्या उलट्या अंगाला, मोकळ्या पाण्यात झुंबररावांनी लाँच काढली होती. आत कुणी नव्हतं. ते लाँच डावीकडं नेत होते, मग उजवीकडं, मोठमोठी वळणं घेत, आणि मान मागं वळवलेली होती. तोंड हलत होतं का ते इतक्या लांबून मला दिसेना. वडापवाला हॉर्न वाजवायला लागला, तरी मी थोडा वेळ तिथंच थांबलो.